टाकला क्लोरीन, उरला ब्रोमीन: कल्पाक्कमच्या बोगद्याचं प्रकरण

मालवणात आणि गोव्यात शिनाण्यांचं सुकं आवडीनं खाल्लं जातं. हिरवट कडांचे लांबट शिंपले, आत केशरी-पिवळसर मांस. शास्त्रात त्यांचं नाव पर्ना व्हिरिडिस. ताटात हा प्राणी चविष्ट लागतो, पण पाइपात शिरला की तो विजेचं केंद्र बंद पाडू शकतो. भारतात याचा सर्वात मोठा धडा मिळाला तो चेन्नईच्या दक्षिणेला, कल्पाक्कमच्या मद्रास अणुऊर्जा केंद्रात. असे जीव पाइपात वाढू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन टाकतात. समुद्राच्या पाण्यात क्लोरीन टाकणं म्हणजे नेमकं काय, हे समजावून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. म्हणून इथे ते सविस्तर मांडते.

जागा आणि पाणी

केंद्रात 220 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आहेत. पहिली जानेवारी 1984 मध्ये व्यावसायिक उत्पादनात आली, दुसरी मार्च 1986 मध्ये. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये गार करायला इथे समुद्राचं पाणी एकदाच वापरून परत समुद्रात सोडतात. हे पाणी आणायची सोय मोठी नामी आहे. किनाऱ्यापासून सुमारे 420 मीटर आत समुद्रात एक विहीर उभी आहे. तिच्या परिघावर 16 खिडक्या आहेत आणि त्यांतून पाणी आत येतं. विहिरीच्या तळापासून किनाऱ्यावरच्या पंपघरापर्यंत समुद्रतळाखालच्या खडकातून पन्नासेक मीटर खोलीवर एक बोगदा खणलेला आहे. लांबी 468 मीटर, व्यास 3.8 मीटर. दोन्ही भट्ट्या चालू असताना त्यातून सेकंदाला सुमारे 35 घनमीटर पाणी धावतं.

या आकड्यांवर कागदाच्या पाठीवर थोडा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बोगद्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सव्वाअकरा चौरस मीटरच्या आसपास येतं. म्हणजे पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी अडीच मिनिटांत पोचतं. या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन मिसळायचा म्हटला तर तासाला 126 किलो लागतो, दिवसाला तीन टन. क्लोरीनचा टनर, म्हणजे मोठा सिलिंडर, 900 किलोचा असतो. रोज तीन टनर रिकामे करूनही थोडा कमीच पडेल.

काय साचलं

बोगद्याला ऊन नाही, लाटांचा मार नाही, शिंपले खाणारे मासे-खेकडे जेमतेम. उलट दर सेकंदाला ताजं पाणी, त्यात प्राणवायू आणि प्लवकांचं आयतं जेवण. शिनाण्याला याहून चांगलं घर कुठे मिळणार? पाण्याबरोबर येणारी त्याची अळी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. कुठलीही जाळी तिला अडवत नाही. भिंतीला लागली की ती तंतू काढून चिकटते आणि काही महिन्यांत बोटाएवढी होते. तिच्या पाठीवर दुसरी, दुसरीच्या पाठीवर तिसरी.

या केंद्राच्या जलमार्गांतल्या जैविक थराचा अंदाज 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण सुमारे 580 टन, त्यात चारशेहून अधिक टन एकटे हिरवे शिनाणे. बाकीचे बार्नॅकल, कालवं, समुद्रफुलं, नळीत राहणारे किडे वगैरे मंडळी. हे सगळं वजन नुसत्या बोगद्याच्या भिंतीवर पसरलं असं धरलं तर दर चौरस मीटरला शंभर किलो भरतं. दोन्ही टोकांच्या विहिरी धरल्या तर थोडं कमी. घरात मीटरभर लांब-रुंद जागेवर सिमेंटची दोन पोती ठेवून बघा, म्हणजे कल्पना येईल.

एवढा थर बसला की बोगदा अरुंद होतो, भिंत खडबडीत होते आणि तेवढंच पाणी ओढायला पंपघरातली पातळी खाली जाते. पण खरा उपद्रव सुरू होतो तो शिंपले सुटायला लागल्यावर. मेलेले किंवा सैल झालेले शिंपले प्रवाहाबरोबर येतात, ट्रॅव्हलिंग स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या जाळीवर, ढीग होतो, जे निसटतात ते कंडेन्सरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. अडकलेल्या शिंपल्याच्या कडेनं पाणी जोरात घुसतं आणि तिथेच नळी आतून खरवडून पातळ होते. एक दिवस तिला भोक पडतं आणि समुद्राचं खारं पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात शिरतं. स्टीम जनरेटर सांभाळणाऱ्या रसायनतज्ज्ञाची झोप उडवायला एवढं पुरे.

म्हणून "मोठे झाले की मारू" हा विचार इथे उपयोगाचा नाही. एका दिवसात शंभर टन मारले तर शंभर टन टरफलं कंडेन्सरकडे निघतात. मारायचं नाही, बसूच द्यायचं नाही, हा खरा उद्देश. क्लोरीनची सगळी पद्धत यावरून ठरते आणि ठरायला हवी.

बाटलीतलं गुलाबी पाणी

आता रसायनाकडे. इथे मी स्वतःचा एक किस्सा सांगते, कारण पुस्तकात वाचलेलं मला त्या दिवशी कळलं. मी तेव्हा एका किनारी प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत होते. प्रकल्पाचं नाव महत्त्वाचं नाही. आउटफॉलचा, म्हणजे वापरून समुद्रात सोडलेल्या पाण्याचा, नमुना दर पाळीत यायचा. एक वयस्कर ऑपरेटर काका तो पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वाटेत कॅन्टीनला चहा घेऊन, निवांत आणून द्यायचे. उरलेल्या क्लोरीनचं रीडिंग रोज लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास. वहीत महिनोन्‌महिने सुरेख सरळ रेघ.

एकदा त्यांच्याबरोबर मीच गेले. किट सोबत नेलं. पाणी काढलं, काचेच्या नळीत दहा मिलिलिटर घेतलं, डीपीडीची, म्हणजे ऑक्सिडंट असला की गुलाबी होणाऱ्या रसायनाची, गोळी चुरून टाकली, वर पोटॅशियम आयोडाइड. नळी गडद गुलाबी झाली: 0.4. तीच बाटली घेऊन आम्ही प्रयोगशाळेत आलो, मुद्दाम चहा घेऊन. परत तपासलं. फिकट गुलाबी, 0.1. काका नळीकडे बघत म्हणाले, "मॅडम, म्हणजे इतकी वर्षं आपण चहाचंच माप घेत होतो की!"

उन्हात, कोमट पाण्यात, सेंद्रिय द्रव्यांच्या सोबतीत हा अवशेष, म्हणजे पाण्यात उरलेला ऑक्सिडंट, मिनिटागणिक उतरतो. मात्र माप चुकलं हा प्रश्न त्यातला लहान भाग. त्या नळीत गुलाबी रंग देणारा पदार्थ क्लोरीन नव्हताच, हे जास्त महत्त्वाचं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 65 मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असतं. गोड्या पाण्यात ते नावालाच. क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल होतं. ते समोर ब्रोमाइड दिसताच त्याचं ऑक्सिडीकरण करून हायपोब्रोमस आम्ल बनवतं आणि स्वतः साधं क्लोराइड होऊन बसतं. लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन संपवायला सव्वा मिलिग्रॅमहून कमी ब्रोमाइड पुरतं आणि समुद्रात ते त्याच्या साठपट पडलेलं आहे. समुद्राच्या सामूवर (पीएचवर) हे सगळं काही सेकंदांत उरकतं. म्हणजे कल्पाक्कमच्या बोगद्यात डोस पडल्यापासून पाणी तीस-चाळीस मीटर पुढे जायच्या आत क्लोरीन संपलेला असतो. उरलेले सव्वाचारशे मीटर भिंतीशी जे भिडतं ते ब्रोमीन.

हे वाईट आहे असं नाही. जंतुनाशक म्हणून आम्लाचं न विघटलेलं रूप जास्त प्रभावी असतं. समुद्राचा सामू 8 च्या वर. त्या सामूला हायपोक्लोरस आम्लाचा फार तर सहावा हिस्सा त्या रूपात शिल्लक राहतो, तर हायपोब्रोमस आम्लाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास. त्यामुळे समुद्रात ब्रोमीन हेच कामाचं हत्यार. अमोनिया असेल तर ब्रोमामाइन होतात. तीही बऱ्यापैकी मारक असतात, पण लवकर विरतात.

म्हणून समुद्राच्या पाण्यात "मुक्त क्लोरीन" मोजतो असं कुणी म्हटलं तर त्याला हळूच थांबवावं. मोजता येतो तो एकूण अवशिष्ट ऑक्सिडंट, म्हणजे टीआरओ, आणि तो "क्लोरीन इतका" म्हणून लिहायचा असतो. आपल्याकडे औष्णिक केंद्रांच्या मानकात कंडेन्सरच्या पाण्यासाठी "मुक्त उपलब्ध क्लोरीन 0.5 मिलिग्रॅम" असं लिहिलेलं आहे. ही भाषा नदीकाठच्या केंद्राची. समुद्रकाठच्या केंद्राला ती शब्दशः लावली तर मर्यादा कुणीच कधी ओलांडणार नाही, कारण मुक्त क्लोरीन तिथे पोचतच नाही. व्यवहारात सगळे टीआरओच मोजतात आणि तो आकडा त्या रकान्यात भरतात. पण ज्या कागदावर पदार्थाचं नावच चुकीचं आहे, त्यावर त्या पदार्थापासून पुढे काय तयार होतं हा रकाना कुठून येणार? तो नाहीच.

डोस कसा द्यायचा

शिनाण्याची एक खोड सगळ्या गणितात खोडा घालते. पाण्यात काही झोंबणारं आलं की तो शिंपला घट्ट मिटतो. आत प्राणवायूशिवाय जगायची सोय त्याच्याकडे आहे आणि दिवसचे दिवस तो तसा बसू शकतो. मोठ्या डोसचे झटके दिवसातून एक-दोनदा दिले तर तो तेवढा वेळ दार लावून घेतो, झटका संपला की उघडतो, जेवतो, वाढतो. वर्षभर खर्च होतो आणि शिंपले तसेच. सतत 1 मिलिग्रॅमच्या पाण्यातसुद्धा मोठे शिंपले मरायला दिवस नव्हे, आठवडे लागू शकतात.

कल्पाक्कमला जी पद्धत रुळली ती यावरचं उत्तर आहे. सतत हलका डोस, असा की अवशेष 0.2 ते 0.3 मिलिग्रॅम राहील, आणि आठवड्यातून दोनदा काही तास त्याच्या दुपटीच्या आसपास वाढीव. हलक्या डोसचं काम अळीला भिंतीवर टेकू न देणं. जे चुकून टेकलेच, त्यांना अर्धपोटी ठेवणं हे त्याचं दुसरं काम. वाढीव डोस मुख्यतः नळ्यांतल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरासाठी, कारण तो थर उष्णता अडवतो आणि नव्या अळ्यांना बसायला गादीही देतो.

यात इथलं हवामान आडवं येतं. पाणी वर्षभर उबदार, त्यामुळे अळ्यांना सुट्टी नाही. युरोपातल्या केंद्रांना हिवाळ्यात हात आखडता घेता येतो, इथे नाही. शिवाय ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की एडैयूर आणि सद्रासच्या खाड्यांची तोंडं समुद्राला उघडतात. गढूळ, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेलं गोडसर पाणी किनाऱ्यालगत पसरतं. डोस तोच ठेवला तर अवशेष एकदम कोसळतो, कारण ऑक्सिडंट त्या कचऱ्यावरच खर्च होतो. मग ऑपरेटर डोस वाढवतो. त्यानं अवशेष बरोबर सांभाळला, पण ज्या दिवसांत पाण्यात उपउत्पादनांचा, म्हणजे ऑक्सिडंटपासून पुढे बनणाऱ्या पदार्थांचा, कच्चा माल जास्त, नेमका त्याच दिवसांत ऑक्सिडंटही जास्त पडला. मला वाटतं, कल्पाक्कमच्या प्रकरणातली सर्वात शिकण्यासारखी गाठ ही आहे. अवशेषाचा आकडा वर्षभर सारखा दिसू शकतो आणि त्यामागे बाहेर पडणारं पाणी मात्र महिन्यागणिक वेगळं असू शकतं.

क्लोरीन आणायचा कुठून

यावर फार रेंगाळत नाही. टनरमधला द्रव क्लोरीन स्वस्त आणि सुटसुटीत, पण रोज तीन टन म्हणजे आवारात कायम काही डझन टनर. जोड तपासायला अमोनियात भिजवलेला बोळा वाल्वजवळ फिरवायचा आणि पांढरा धूर दिसला की पळायचं, हे तिथल्या माणसाला झोपेतही येतं. बाहेरच्याला धोका कळावा म्हणून आठवण देते: 14 जुलै 2010 ला मुंबईत शिवडीच्या हाजीबंदरला बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

दुसरा मार्ग इलेक्ट्रोक्लोरिनेशनचा. समुद्राचंच पाणी टायटॅनियमच्या पत्र्यांमधून नेऊन त्यात वीज सोडायची आणि जागेवरच हायपोक्लोराइट बनवायचं. किलोमागे चार-साडेचार युनिट वीज धरा. साठा नाही, वाहतूक नाही. पण कॅथोडवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा चुना बसतो, तो आम्लानं धुवावा लागतो, आणि हायड्रोजन निघतो. वरच्या हिशेबानं तासाला चाळीसएक घनमीटर. तो पंख्यानं पातळ करून वर सोडायचा असतो. रसायनाच्या दृष्टीनं एक बारीक फरक मात्र सांगायलाच हवा. इलेक्ट्रोलायझरमध्ये तीव्र हायपोक्लोराइट आणि ब्रोमाइड एकत्र असतात, त्यामुळे थोडं क्लोरेट आणि ब्रोमेट तिथेच बनतं. टाकीत साठवून ठेवलं, त्यातही उन्हात, तर ते वाढत जातं. म्हणून ताजं बनवावं, ताजं वापरावं.

जे बाहेर जातं

1974 मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांशी मिळून क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन बनवतो. समुद्रात हीच गोष्ट ब्रोमीनच्या वेषात घडते. क्लोरोफॉर्मच्या जागी ब्रोमोफॉर्म. क्लोरीन दिलेल्या समुद्राच्या पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनमध्ये त्याचा वाटा साधारण 90 टक्क्यांच्या वर असतो. कल्पाक्कमच्या आउटफॉलसमोरच्या समुद्रात झालेल्या मोजमापांतही ब्रोमोफॉर्मचंच वर्चस्व दिसलं. त्यामागोमाग डायब्रोमोअॅसिटोनायट्राइल, ब्रोमीनयुक्त अॅसिटिक आम्लं, आणि पाण्यात फिनॉल असतील तर ट्रायब्रोमोफिनॉल.

प्रमाण किती? ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या दहा किनारी केंद्रांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. डोस अर्धा ते दीड मिलिग्रॅम. आउटफॉलच्या पाण्यात ब्रोमोफॉर्मची सरासरी लिटरला सुमारे 16 मायक्रोग्रॅम निघाली, डायब्रोमोअॅसिटोनायट्राइलची दीडच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी ब्रोमोफॉर्मची मार्गदर्शक मर्यादा 100 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे समुद्रात पडणारं ते पाणी या एका बाबतीत पिण्याच्या मर्यादेतच बसतं. इथे बरेच जण वही मिटतात.

मी मिटत नाही, आणि घाबरवतही नाही. दोन बाजू आहेत. मिसळलेल्या ऑक्सिडंटपैकी ब्रोमोफॉर्म बनवण्यात शेकडा एक-दीडच खर्ची पडतो. बहुतेक ऑक्सिडंट काम करून परत ब्रोमाइड होतो. ब्रोमोफॉर्म उडून जाणारा आहे, माशांच्या अंगात तो फारसा साठत नाही, आणि समुद्रातली शेवाळं तो स्वतःच इतका बनवतात की जगातला बहुतांश ब्रोमोफॉर्म नैसर्गिक आहे. ही झाली एक बाजू.

दुसरी बाजू पाण्याच्या आकारमानाची. युरोपातली ती सरासरी सेकंदाला 35 घनमीटर पाण्याला लावून पाहिली तर दिवसाला 48 किलो ब्रोमोफॉर्म होतो. हे कल्पाक्कमचं मोजमाप नव्हे, माझा गुणाकार आहे. तिथलं पाणी गरम, म्हणजे अभिक्रिया वेगळ्या चालतील, आकडा खाली-वर होईल. पण किलोंमध्ये बोलायचं की ग्रॅममध्ये, एवढं त्यातून कळतं. शेवाळं हा माल किनाराभर पसरून सोडतात, आउटफॉल एका तोंडातून सोडतो, समुद्रापेक्षा सात अंशांपर्यंत जास्त तापलेल्या पाण्यासोबत आणि शिल्लक ऑक्सिडंटसोबत. तिथल्या अंड्यांना, अळ्यांना आणि प्लवकांना हे तिन्ही एकाच वेळी भेटतात. प्रयोगशाळेत मात्र आपण बहुधा एकेक पदार्थ वेगळा तपासतो.

आणि ब्रोमेट. 1977 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की क्लोरीन दिलेलं समुद्राचं पाणी उन्हात ठेवलं की त्यात ब्रोमेट तयार होतं आणि अंधारात जवळजवळ नाही. ब्रोमोफॉर्म उडून जातो, ब्रोमेट जात नाही, पाण्यातच राहतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मार्गदर्शक मर्यादा 10 मायक्रोग्रॅम, ब्रोमोफॉर्मच्या दहावा हिस्सा. अंधाऱ्या बोगद्यात याची काळजी नाही. पण कंडेन्सरमधून बाहेर आलेलं पाणी उघड्या कालव्यातून तमिळनाडूच्या उन्हात समुद्राकडे जात असेल तर तो कालवा हीच खरी भट्टी. कालवा झाकणं किंवा लांबी कमी करणं हा स्थापत्याचा प्रश्न वाटतो, पण रसायनाला त्याचा फायदा डोस कमी केल्याइतकाच होऊ शकतो.

शेजारचं गोडं पाणी

कल्पाक्कमला याच केंद्राला जोडून निक्षारीकरणाचा प्रात्यक्षिक प्रकल्प आहे. दिवसाला 6300 घनमीटर, पैकी 4500 वाफेच्या पद्धतीनं आणि 1800 आरओनं. इथे उपउत्पादनांचा विषय समुद्रातून थेट पेल्यात येतो. आरओचे पॉलिअमाइड पडदे ऑक्सिडंटनं खराब होतात, म्हणून पाणी आत जायच्या आधी सोडियम बायसल्फाइट टाकून तो मारतात. बायसल्फाइट ऑक्सिडंट मारतं, तोवर तयार झालेला ब्रोमोफॉर्म मारत नाही. ब्रोमेटवर विद्युतभार असतो, त्याला पडदा चांगला अडवतो. ब्रोमोफॉर्म विद्युतभार नसलेला, तो काही प्रमाणात पलीकडे जातो. वाफेच्या पद्धतीत तो पाण्याआधी उडतो, म्हणून हवा काढण्याची सोय चांगली असली तर बराचसा तिथूनच निघून जातो. आणि थोडं ब्रोमाइड पडद्यापलीकडे जातंच. त्या गोड्या पाण्याला शेवटी परत क्लोरीन दिला की ब्रोमीनची तीच गोष्ट छोट्या प्रमाणात पुन्हा सुरू होते. मुंबई महापालिकेच्या मनोरीच्या 200 दशलक्ष लिटरच्या प्रकल्पाबद्दल बोलताना लोक वीज आणि खर्चावर भांडतात. इनटेकला, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेतात तिथे, क्लोरीन सतत देणार की अधूनमधून, हा प्रश्न मी अजून कुठल्या चर्चेत ऐकला नाही.

पर्याय, आणि माझं मत

क्लोरीन डायऑक्साइड ब्रोमाइडला फारसा हात लावत नाही, त्यामुळे ब्रोमोफॉर्म फारच कमी. कल्पाक्कमच्या संशोधकांनी बार्नॅकलच्या अळ्यांवर त्याचे प्रयोग केले आहेत. पण तो जागेवरच बनवावा लागतो, सोडियम क्लोराइट महाग, आणि बदल्यात क्लोराइट पाण्यात उरतं. सेकंदाला 35 घनमीटरला हे पेलणं अवघड. लहान प्रकल्पाला जरूर विचार करण्यासारखं.

मला जास्त भरवसा वाटतो तो डच लोकांनी विकसित केलेल्या पल्स पद्धतीचा, कारण ती शिनाण्याच्या त्याच खोडीवर बेतलेली आहे. डोस दिला की शिंपला मिटतो. बंद केला की तो लगेच उघडत नाही, काही मिनिटं वाट बघतो. तो उघडायच्या बेतात असतानाच पुन्हा डोस द्यायचा. त्याला दिवसभर मिटलेलं, उपाशी ठेवायचं, पण क्लोरीन मात्र निम्म्याच्या आसपास वेळ. डोस कमी म्हणजे उपउत्पादनंही त्या मानानं कमी. अडचण एवढीच की ही मिनिटं युरोपातल्या काळ्या शिंपल्यांवरून घेऊन चालणार नाहीत. आपला हिरवा शिनाणा तीस अंशांच्या पाण्यात किती वेळ दार लावून बसतो, हे त्याच्या दोन शिंपल्यांवर लहानसे सेन्सर चिकटवून त्याच जागी, त्याच ऋतूत मोजावं लागेल. खर्च फार नाही, चिकाटी लागते. आणि पल्स पद्धत स्वच्छ जलमार्गातच चालते. जिथे चारशे टन आधीच बसले आहेत तिथे आधी खरवडणं, मग रसायन.

तारापूर असो की तुर्भ्याचं (ट्रॉम्बेचं) औष्णिक केंद्र, पाणी अरबी समुद्राचं असलं तरी ब्रोमाइड तेवढंच. एखाद्या किनारी केंद्रानं मला उद्या नमुन्यांचं वेळापत्रक विचारलं तर मी टीआरओ जागेवरच घ्यायला सांगेन, बाटली भरून न्यायचीच नाही. ब्रोमोफॉर्मचा नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, वर हवेचा एक बुडबुडाही न ठेवता, आणि भरताक्षणी सोडियम सल्फाइट टाकून, नाहीतर तो बाटलीतच वाढत राहतो. ब्रोमेटचा नमुना कालव्याच्या शेवटच्या टोकाला, एक पहाटे चारला आणि एक दुपारी दोनला. शक्यतो पावसाळा संपून खाड्यांची तोंडं उघडी असतानाच्या आठवड्यात. आणि सोबत काकांना न्यायचं असेल तर चहा परत आल्यावर.